जाड्या-रड्या आणि पियानोची पेटी

आपल्या वर्गात येणाऱ्या पुष्कळांचे पोट ओझ्यावर चालते. कोणी चाकणला गोदामात ट्रक खाली करतो. कोणी भोसरीत पत्र्याचे गठ्ठे प्रेसपर्यंत नेतो. नळाला पाणी आले नाही म्हणजे वर्गातल्या कित्येक बाया तिसऱ्या मजल्यापर्यंत हंडे वाहतात. ओझे उचलणे म्हणजे काय, हे आम्ही तुम्हांला सांगायला नको.

अशाच एका ओझ्यावर १९३२ साली अमेरिकेत एक छोटा सिनेमा निघाला. दोन माणसे, एक जड पेटी आणि एक लांबलचक जिना. गोष्ट एवढीच. ती पाहून नव्वद वर्षांहून अधिक काळ लोक हसत आले आहेत. सिनेमाचे नाव 'द म्यूझिक बॉक्स', म्हणजे संगीताची पेटी. तो कसा तयार झाला ते या धड्यात सांगायचे आहे.

त्यातल्या दोघांना आपल्याकडे जाड्या-रड्या म्हणतात. जाड्याचे नाव ऑलिव्हर हार्डी. रड्याचे नाव स्टॅन लॉरेल. जाड्या अंगाने भरलेला, ओठावर चिमूटभर मिशी. आपल्याला सगळे कळते असा त्याचा तोरा. रड्या बारीक, गोंधळलेला. काही बिघडले की टाळूवरचे केस ओढतो आणि लहान मुलासारखा रडायला लागतो. दोघांच्या डोक्यावर काळ्या गोल टोप्या. कपडे साहेबाचे, खिसा मात्र रिकामा.

लॉरेल मूळचा इंग्लंडचा. त्याचा जन्म १८९० सालचा, आणि खरे नाव आर्थर स्टॅन्ली जेफरसन. घरात नाटकाचाच धंदा. १९१० साली तो एका नाटकमंडळीबरोबर अमेरिकेला गेला. त्याच मंडळीत चार्ली चॅप्लिन होता. चॅप्लिनला बरे नसले तर त्याच्या जागी उभे राहायचे, हे लॉरेलचे काम. हार्डी अमेरिकेतल्या जॉर्जिया प्रांतातला, जन्म १८९२ सालचा. तरुणपणी तो आपल्या गावच्या सिनेमाघरात कामाला होता. पडद्यावरचे नट पाहता पाहता त्याला वाटले, हे तर आपल्यालाही येईल. पुढे दोघेही हॅल रोच नावाच्या निर्मात्याच्या कंपनीत निरनिराळी कामे करीत होते. त्यांची जोडी १९२७ साली जमली, ती मरेपर्यंत टिकली. दोघांचे मिळून शंभराहून अधिक सिनेमे निघाले.

अशी जोडी आपल्याला नवी नाही. तमाशाच्या बतावणीत दोघे समोरासमोर उभे राहतात. एक शहाणपणा मिरवतो, दुसरा त्याचा पार विचका करतो. चिं. वि. जोशी यांनी लिहिलेले चिमणराव आणि गुंड्याभाऊ हीसुद्धा अशीच जोडी. एक किडकिडीत आणि भित्रा, दुसरा दणकट आणि भोळा. मास्टर विनायकांनी १९४० साली 'लग्न पहावे करून' हा चित्रपट काढला. त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ झाले. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी हीच जोडी घराघरांत नेली. मुंबईच्या रणजित कंपनीच्या सिनेमांत दीक्षित आणि घोरी अशी एक जोडी होती. लोक त्यांना हिंदुस्थानचे लॉरेल-हार्डी म्हणत. त्यांतले जाडे दीक्षित आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नरचे. असो. आपण पेटीकडे वळू.

गोष्ट अशी आहे. एक बाई वाद्यांच्या दुकानात जाते. नवऱ्याच्या वाढदिवसाला न सांगता भेट द्यायची म्हणून ती एक पियानो विकत घेते. पियानो म्हणजे मोठ्या कपाटाएवढे वाद्य. आपल्या बाजाच्या पेटीसारख्या पट्ट्या त्यालाही असतात, पण आत तारा असतात. बाईने घेतलेला पियानो आपोआप वाजणारा होता. बटन दाबले की तो एकटाच वाजू लागतो. बाई घरचा पत्ता देते, ११२७, वॉलनट ॲव्हेन्यू. माल पोचवण्याचे काम मिळते जाड्या-रड्यांना. त्यांची स्वतःची कंपनी आहे. कंपनी म्हणजे एक गाडी आणि एक घोडी. सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर लिहून येते, की कंपनीचे भांडवल तीन डॉलर ऐंशी सेंट. त्या वेळच्या आपल्या हिशेबाने तेरा-चौदा रुपये.

दोघे पत्ता शोधत येतात. वाटेत पोस्टमन भेटतो. घर कुठे म्हणून विचारले, तर तो समोरच्या जिन्याच्या टोकाकडे बोट दाखवतो. आणि मग आपल्याला तो जिना दिसतो. सिमेंटचा, सरळ चढत गेलेला, पायऱ्या एकशेतीसच्या वर. पुण्याच्या पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत. त्यांवर आणखी तीसेक पायऱ्या धरा.

येथे जरा थांबू. हसू कसे तयार होते ते या ठिकाणी कळते. कॅमेरा जिन्याच्या पायथ्याशी ठेवला आहे. खालची गाडी, पेटी, दोघे जण आणि वरचे टोक हे सगळे एका नजरेत दिसते. कोणी काही बोलायच्या आधीच सगळे काम आपल्यासमोर उभे राहते. आता हे काय होणार, असे आपण मनात म्हणतो. ते दोघे मात्र काही म्हणत नाहीत. बाह्या सावरतात आणि कामाला लागतात. पाहणाऱ्याला संकट आधी कळले पाहिजे आणि करणाऱ्याला उशिरा, हा या सिनेमाचा पाया आहे.

जिना खरा होता, आणि आजही आहे. लॉस एंजेलिस शहराच्या सिल्व्हर लेक भागात, व्हेंडोम नावाच्या रस्त्यावरून तो वर चढतो. सिनेमात त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा दिसते. आता तेथे घरे झाली आहेत. वरचे घर मात्र जिन्याच्या टोकाशी नव्हतेच. ते कल्व्हर सिटी गावात, रोचच्या स्टुडिओत उभारले होते. म्हणजे दोघे जिना चढले एका गावात आणि दारात पोचले दुसऱ्या गावात. कापून जोडलेल्या फिल्मने मधले अंतर मिटवले. कातर आणि डिंक यांची ही करामत. तिला संकलन म्हणतात.

चित्रण १९३१ सालच्या डिसेंबरात झाले. दिग्दर्शक होते जेम्स पॅरट. लिखाण एच. एम. वॉकर यांचे. त्या काळी छोटा विनोदी सिनेमा बहुधा दोन रिळांचा असे. एक रीळ साधारण दहा मिनिटे चालते. हा सिनेमा तीन रिळांचा झाला, सुमारे अर्ध्या तासाचा. १६ एप्रिल १९३२ रोजी तो लोकांपुढे आला. आपला पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत लागला होता. पडद्यावरची माणसे नुकतीच कुठे बोलू लागली होती.

पण या गोष्टीचा जन्म त्याआधीचा आहे. १९२७ साली याच दोघांनी याच जिन्यावर एक मूकपट केला होता. नाव 'हॅट्स ऑफ'. त्यात पियानोऐवजी कपडे धुण्याचे यंत्र होते. ते विकायचे म्हणून दोघे ते जिन्यावर चढवतात. तो मूकपट आज कोठेही उपलब्ध नाही. जुनी फिल्म फार नाजूक, आगीला लगेच धरणारी. आपल्याकडचेही बहुतेक मूकपट असेच गेले. फार थोडे उरले, त्यांतले काही पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने सांभाळले आहेत.

मूकपटाची एक गोष्ट आपल्या वर्गाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यात बोलणे नसे. मधून मधून पडद्यावर अक्षरे येत. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची आणि आजूबाजूचे ऐकत. एकाच्या अक्षरावर दहा जणांचा सिनेमा चाले. हाच कारभार हे दोघे नट पुढे उलट्या बाजूने शिकले. बोलपट आल्यावर स्पेनच्या लोकांना इंग्रजी कळेना आणि फ्रान्सच्या लोकांनाही कळेना. तेव्हा रोच कंपनीने काही सिनेमे पुन्हा पुन्हा निरनिराळ्या भाषांत काढले. जाड्या-रड्यांना त्या भाषा येत नव्हत्या. मग काय केले? त्या भाषेतले शब्द कसे उच्चारायचे ते इंग्रजी अक्षरांत फळ्यावर लिहिले. कॅमेऱ्याला दिसणार नाही असा फळा धरायचा, आणि ते वाचत वाचत दोघांनी बोलायचे. कोट्यवधी लोकांना हसवणारी माणसे, पण फळ्यावरची अक्षरे जुळवून वाचत होती. तेव्हा आपण अडखळलो म्हणून लाजायला नको.

आता जिना. दोघे पेटी उचलून थोडे चढतात, तोच वरून एक आया बाबागाडी घेऊन उतरते. तिला वाट पाहिजे. वाट देताना हात सुटतो आणि पेटी ठणठणत खाली जाते. प्रत्येक पायरीवर आतल्या तारा झणझणतात. आया हसते. त्यावरून भांडण जुंपते, आणि जाड्याच्या डोक्यावर दुधाची बाटली फुटते. आया जाऊन पोलिसाला सांगते. पोलीस खालून हाक मारतो. दोघांपैकी एकाला बोलावले तर येतो भलताच. तेवढ्यात पेटी पुन्हा खाली. मग वरून एक गृहस्थ उतरतात. उंच टोपी, नावामागे पदव्यांची माळ, राग नाकावर. ही भूमिका बिली गिल्बर्ट यांनी केली आहे. मला वाट द्या, म्हणतात. बाजूने जा, असे हे सांगतात. बाजूने जाण्यात त्यांचा अपमान होतो. रड्या टोपीला एक टोला देतो. टोपी साऱ्या पायऱ्यांवरून गडगडत रस्त्यावर जाते आणि गाडीखाली चेपते. अखेर दोघे टोकाला पोचतात. हुश्श म्हणतात. आणि पेटी पुन्हा निघते, या खेपेला जाड्याला ओढत घेऊन.

तीनदा तीच पेटी, तोच जिना. तरी कंटाळा येत नाही, कारण पडण्याचे कारण दर वेळी वेगळे आहे. पहिल्यांदा आया, मग पोलीस, मग नुसते नशीब. आम्ही शाळेत असताना गोष्ट सांगायचा हाच नियम पाळीत होतो. मुलाला पुढचे ओळखता आले पाहिजे, पण अगदी तसेच घडता कामा नये.

दुसरी गोष्ट म्हणजे सावकाशपणा. त्या काळचे विनोदी सिनेमे भारी घाईचे असत. पळापळ, आपटाआपटी. या दोघांनी वेग कमी केला. पेटी पडली की लगेच पुढचे काही होत नाही. जाड्या आपल्याकडे पाहतो, सरळ कॅमेऱ्यात. पाहिलेत ना माझे नशीब, असे त्याचे डोळे म्हणतात. तेवढ्या वेळात प्रेक्षक हसून घेतो. ही उसंत अंदाजाने ठेवलेली नसे. सिनेमा तयार झाला की कंपनी तो आधी एखाद्या सिनेमाघरात लोकांना दाखवी. लोक कोठे हसले, किती वेळ हसले, ते पाही. मग पुन्हा कातर चाले. हसू लांबले असेल तर तेथे जागा वाढवायची, नाही तर पुढचे बोलणे ऐकू येणार नाही. हसू आले नसेल तर तुकडा काढून टाकायचा.

या कामात लॉरेलचे डोके फार चाले. पडद्यावर बावळट, पण पडद्यामागे सगळ्यांत कष्टाळू. विनोद रचण्यापासून फिल्म कापण्यापर्यंत तो बसून राही. हार्डीचे काम संपले की हार्डी गोल्फ खेळायला जाई. म्हणून लॉरेलचा पगार हार्डीहून बराच जास्त होता. हार्डीला त्याचे वाईट वाटत नसे. तो जास्त काम करतो, त्याला जास्त मिळावे, असे त्याचे म्हणणे. एकाच कामावरच्या दोघांत पगाराचा फरक असून भांडण नाही, हे आम्हांला त्या टोपीच्या प्रसंगापेक्षा मोठे नवल वाटते.

मागच्या पावसाळ्यात आम्ही हा सिनेमा आपल्या वर्गात दाखवला. भिंतीला पांढरी चादर लावली होती. बोलणे इंग्रजी, म्हणून आम्ही बाजूला उभे राहून मराठीत सांगत होतो. पाच-दहा मिनिटांत आमची गरज संपली. गुरुजी, गप्प बसा, आम्हांला दिसतंय, असे एका बाईंनी सांगून टाकले.

दोघे घराशी पोचले, घामाघूम झाले. तेव्हा तोच पोस्टमन पुन्हा भेटतो आणि म्हणतो, अहो, जिन्याने कशाला आणलीत? मागून गाडीचा रस्ता आहे की. आता शहाण्या माणसाने काय करावे? पेटी वर आलीच आहे. पण हे दोघे मुकाट्याने पेटी उचलतात, सारा जिना उतरून खाली नेतात, गाडीत चढवतात आणि रस्त्याने पुन्हा वर आणतात. वर्ग खो खो हसला. आम्हीही हसलो.

एक गृहस्थ मात्र हसले नाहीत. त्यांनी वीस वर्षे गोदामात माल चढवण्या-उतरवण्याचे काम केले आहे. ते म्हणाले, "गुरुजी, पेटी खाली नेली त्याची वाराई कोण देणार?"

वाराई म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी, हे तुम्हांला ठाऊकच आहे. पुन्हा हशा झाला. पण त्यांनी खरेच विचारले होते. मग सिनेमा थांबवून वर्गात वाद सुरू झाला. एक जण म्हणाला, चूक त्यांचीच, आधी चारी बाजूंनी पाहायला नको? एक बाई म्हणाल्या, मालकिणीने पत्ता दिला तेव्हाच सांगायला हवं होतं, गाडी मागून आणा म्हणून. ते गृहस्थ म्हणाले, पोस्टमनला माहीत होतं. त्यानं आधी जिना दाखवला आणि रस्ता मागून सांगितला. आमच्याकडंबी असंच होतं. चार नंबरला उतरवा म्हणतात. उतरवलं की म्हणतात, अरे, हा माल सात नंबरचा. तीच पेटी पुन्हा उचला. दुसऱ्या वेळची मजुरी कोणी धरत नाही.

आम्ही हा सिनेमा पूर्वी अनेकदा पाहिला होता. हे आमच्या ध्यानात कधी आले नव्हते. घरी येऊन पुन्हा पाहिला. त्यांचे म्हणणे बरोबर निघाले. सिनेमा संपेपर्यंत या दोघांच्या हातात मजुरी पडलेली कोठेच दिसत नाही.

पियानो केवढा जड असतो ते पाहा. असा उभा पियानो अडीचशे-तीनशे किलोच्या घरात जातो. दोन माणसांनी तो एवढ्या पायऱ्या चढवणे हे खऱ्या हमालीत होत नाही. तेथे सहा जण, पट्टे आणि फळ्या लागतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली शिफारस केली, की एका प्रौढ पुरुषाने ५५ किलोपेक्षा जास्त ओझे हाताने वाहू नये. आपल्या महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. त्या कायद्याने मंडळे नेमली. माथाडीची मजुरी मंडळाकडे जमा व्हावी, त्याला भविष्यनिर्वाह निधी मिळावा, दवापाणी मिळावे, अशी सोय झाली. जाड्या-रड्यांना असले काही नव्हते. ते दिवस अमेरिकेतल्या मोठ्या मंदीचे. कामकरी माणसांत चारांतला जवळजवळ एक बेकार होता. तीन डॉलर ऐंशी सेंटांवर कंपनी काढणारी माणसे तेव्हाच्या प्रेक्षकांना परकी वाटली नसतील. जो हसत होता त्याच्याही खिशात कदाचित तेवढेच असतील.

सिनेमा करणाऱ्यांनी मजुरीचा प्रश्न मुद्दाम घातला असे आम्ही म्हणणार नाही. त्यांना हसवायचे होते. पण ओझे खरे घेतले, जिना खरा घेतला, म्हणून वीस वर्षे ओझे वाहणाऱ्याला त्यात आपला हिशेब दिसला. कागदी डोंगरावर कागदी पेटी चढवली असती तर त्यांनी विचारलेही नसते.

पुढची गोष्ट थोडक्यात. घरी कोणी नाही. मग कप्पी आणि दोर लावून पेटी वरच्या मजल्याच्या खिडकीतून आत घेतात. घरात पाणीच पाणी होते, सामान मोडते. पियानो सुरू करून दोघे नाचत नाचत घर आवरू लागतात. तेवढ्यात घरमालक येतो, आणि तो निघतो तोच टोपीवाला. त्याला पियानोचा मनस्वी तिटकारा. तो कुऱ्हाड घेऊन पियानो फोडू लागतो. मध्येच पियानोतून अमेरिकेचे राष्ट्रगीत वाजते. लगेच कुऱ्हाड खाली ठेवून तिघेही सलाम करून उभे राहतात. सूर थांबला की पुन्हा घाव. इतक्यात बायको येते आणि रडू लागते. तुमच्या वाढदिवसाची भेट होती ती. मालक ओशाळतो. पावती द्या, सही करतो, म्हणतो. सही करायला जातो तर झरणीतली शाई त्याच्याच तोंडावर उडते. आणि दोघे पळत सुटतात.

म्हणजे पावतीवर सहीसुद्धा धड झाली नाही. चलनावर सही नसली की माल पोचला असे कोणी मानत नाही, हे गोदामातल्या मंडळींना सांगायला नको.

या सिनेमाला मान मोठा मिळाला. अमेरिकेत चित्रपटांना ऑस्कर नावाचे पारितोषिक देतात. छोट्या विनोदी चित्रपटासाठी ते पहिल्यांदा दिले गेले १९३२ साली, आणि ते याच सिनेमाला. जपून ठेवण्याजोग्या चित्रपटांची अमेरिकेत एक सरकारी यादी आहे, तिच्यात १९९७ साली त्याचे नाव घातले. हार्डी १९५७ साली वारला. त्यानंतर लॉरेलने पडद्यावर पुन्हा काम केले नाही. १९६१ साली त्याला मानाचे ऑस्कर मिळाले, १९६५ साली तोही गेला. रोचचा स्टुडिओ १९६३ साली पाडला. उरला तो जिना. त्याला आता सिनेमाचेच नाव पडले आहे. लोक लांबून येतात आणि पायऱ्या मोजत वर चढतात.

वाद झाला त्या रात्री वर्ग उठताना आम्ही घरचा अभ्यास दिला. जाड्या-रड्यांच्या कंपनीचे बिल तयार करा. वर तारीख आणि गिऱ्हाइकाचा पत्ता घाला. पेटी जिन्याने वर नेली, खाली आणली, गाडीने पुन्हा वर नेली, कप्पीने चढवली, अशी कामे एकाखाली एक लिहा. समोर आपल्याकडच्या दराने रक्कम मांडा. बेरीज करा आणि खाली सही करा. तुम्हीही हा धडा वाचून झाल्यावर असे बिल करून पाहा.

आमच्या त्या गृहस्थांनी आपले बिल दुसऱ्याच दिवशी आणले. अक्षर मोठे, ओळी जरा वर चढलेल्या, बेरीज बरोबर. टोपीचे नुकसान त्यांनी आपणहून वजा केले होते. पियानोचे केले नव्हते. विचारले तर म्हणाले, तो मालकानं फोडला.